संजय गांधीचे पैसे कधी पडणार? दिव्यांग अनुदानाच्या तारखेचा हिशेब

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिव्यांग लाभार्थ्यांचं मासिक अनुदान १५०० रुपयांवरून २५०० रुपये करायचं ठरवलं आणि ऑक्टोबरपासून ते लागू झालं. नवी रक्कम दोन दिवसांत सगळ्यांना पाठ झाली. तहसील कार्यालयाच्या खिडकीवर आणि बँकेच्या रांगेत विचारला जाणारा प्रश्न मात्र जुनाच राहिला: "या महिन्याचे कधी पडणार?"

सरळ उत्तर असं, की ठरलेली तारीख नाही. सरकारी नोकराच्या पगाराला जशी तारीख असते तशी या अनुदानाला नाही. साधारणपणे एका महिन्याचं अनुदान पुढच्या महिन्यात जमा होतं. कधी दोन महिन्यांचं एकदम येतं, आणि मार्च-एप्रिलच्या सुमारास खंड पडण्याची शक्यता जास्त. त्यामुळे "५ तारखेला आले नाहीत म्हणजे माझं नाव कापलं" असा अर्थ लगेच काढू नये. आणि "येतील, येतील" म्हणत सहा महिने स्वस्थही बसू नये. पैसे कुठल्या टप्प्यावर आहेत हे शोधता येतं, आणि तारखेपेक्षा ते कळणं जास्त उपयोगाचं आहे.

आधी तुमची योजना कोणती ते पाहा

मुंबईत राहणाऱ्या दिव्यांग व्यक्तीकडे तीन वेगळ्या वाटांनी पैसे येऊ शकतात. तिन्हींची वेळ वेगळी आहे. गोंधळाचं निम्मं मूळ इथेच असतं.

पहिली संजय गांधी निराधार अनुदान योजना. १९८० पासून चालू असलेली ही राज्याची योजना सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभागाकडे आहे. वय १८ ते ६५, किमान ४० टक्के दिव्यांगत्व आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजार रुपयांच्या आत, या तिच्या मुख्य अटी. ५० हजारांची मर्यादा फक्त दिव्यांगांसाठी आहे. विधवा, निराधार वगैरे इतर गटांना ती २१ हजारच आहे. मुंबईत २१ हजारांत कुटुंबाचं वर्ष कसं निघतं, हे विचारायची सोय नाही.

दुसरी केंद्राची इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजना, फेब्रुवारी २००९ पासूनची. यात दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त लागतं आणि कुटुंब दारिद्र्यरेषेखालच्या यादीत असावं लागतं. केंद्र महिना ३०० रुपये देतं. हा आकडा २०१२ पासून बदललेला नाही. उरलेली भर राज्य घालतं. म्हणजे २५०० पैकी ३०० दिल्लीचे आणि २२०० मुंबईचे, आणि हे दोन भाग एकाच दिवशी खात्यात पडतील असं नाही. पासबुकात २२०० दिसले आणि ३०० दिसले नाहीत, तर कोणी मध्ये खाल्ले असं समजण्याआधी पुढची-मागची पानं उलटून पाहा. ३०० ची नोंद बहुधा वेगळ्या तारखेला असते.

तिसरी मुंबई महापालिकेची धर्मवीर आनंद दिघे दिव्यांग अर्थसहाय्य योजना. ती २०२४-२५ पासून पाच वर्षांसाठी आहे. हिचे पैसे दरमहा येतच नाहीत, सहामाही येतात: ४० ते ८० टक्के दिव्यांगत्व असेल तर सहा महिन्यांचे ६ हजार, ८० टक्क्यांच्या वर असेल तर १८ हजार. हे पैसे पालिकेच्या तिजोरीतले. त्यासाठी तहसीलदाराकडे जाऊन उपयोग नाही, आणि संजय गांधीच्या पैशांसाठी वॉर्ड ऑफिसात जाऊनही नाही.

आणखी एक चुकामूक नेहमी होते. राज्यात ३ डिसेंबर २०२२ ला स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग झाला. त्यामुळे लोक अनुदानाची तक्रार तिकडे पाठवतात. पण संजय गांधी योजना सामाजिक न्याय विभागाकडेच राहिली. चुकीच्या विभागाकडे गेलेलं पत्र फिरत फिरत योग्य टेबलावर पोहोचेपर्यंत आणखी एक महिना सरतो.

पैसा निघतो कुठून, पोहोचतो कसा

चाळीतल्या किंवा जुन्या सोसायटीतल्या पाण्यासारखं हे आहे. धरण भरलेलं असतं, पण आधी पालिकेचा चावीवाला व्हॉल्व्ह फिरवतो, मग खालची टाकी भरते, मग पंप लागतो, मग वरची टाकी, आणि शेवटी नळ. नळाला पाणी नाही म्हणून चावीवाल्याला शिव्या देण्यात अर्थ असेलच असं नाही, कदाचित तुमच्याच पाइपात कचरा अडकला असेल. शेजारच्या नळाला पाणी आहे का, हे आधी पाहायचं.

अनुदानाच्या प्रवासात पहिला टप्पा यादीचा. तहसीलदार कार्यालय लाभार्थ्यांची नोंद पोर्टलवर ठेवतं. नवी मंजूर नावं घालायची, मयतांची काढायची, आधार, मोबाइल, दिव्यांग प्रमाणपत्र तपासायचं. नवं नाव तालुक्याच्या समितीने मंजूर केल्याशिवाय यादीत येत नाही.

दुसरा टप्पा निधीचा, आणि खरा वेळ इथे जातो. विधिमंडळाने अर्थसंकल्पात रक्कम मंजूर केली म्हणजे ती विभागाच्या हातात आली असं होत नाही. वित्त विभाग ती हप्त्याहप्त्याने मोकळी करतो. ‘बीम्स’ नावाच्या संगणक प्रणालीवर ती दिसली की मगच विभाग खर्च करू शकतो. त्यात हा निधी एका खात्यातून येत नाही. सर्वसाधारण, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती अशी तीन वेगळी लेखाशीर्षं आहेत. लेखाशीर्ष म्हणजे सरकारी हिशेबातला वेगळा कप्पा. एका कप्प्यात पैसे आहेत आणि दुसऱ्यात अजून आलेले नाहीत, असं घडू शकतं.

तिसरा टप्पा देयकाचा, म्हणजे बिलाचा. आदेश निघतो, बिल तयार होतं, तपासलं जातं, मंजूर होतं. इतर जिल्ह्यांत हे काम कोषागार करतं, मुंबईत अधिदान व लेखा कार्यालय.

चौथ्या टप्प्यावर पैसे बँकेमार्फत राष्ट्रीय पेमेंट महामंडळाच्या, म्हणजे एनपीसीआयच्या यंत्रणेत जातात आणि तिथून तुमच्या बँकेत. हा टप्पा सगळ्यांत जलद. ही यंत्रणा १ ऑगस्ट २०२१ पासून आठवड्याचे सातही दिवस चालते. त्यामुळे "मध्ये रविवार आला म्हणून अडकले" हे कारण फार तर मंत्रालयातल्या सहीला लागू होईल, बँकेला नाही.

डीबीटी आल्यावर काय बदललं

डीबीटी म्हणजे थेट लाभ हस्तांतरण: सरकारी रक्कम मधल्या कार्यालयांच्या खात्यांत न थांबता लाभार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या खात्यात जाणं. संजय गांधी आणि (६५ वर्षांवरच्या वृद्धांसाठीच्या) श्रावणबाळ योजनांचं अनुदान २०२४ च्या शेवटापासून या पद्धतीने द्यायला सुरुवात झाली.

त्याआधी निधी जिल्हाधिकाऱ्यांकडे, तिथून तहसीलदाराकडे जायचा. तहसीलदार बँकेला धनादेश आणि नावांची यादी द्यायचा. या पद्धतीत तालुक्यागणिक तारीख वेगळी असायची, एका कारकुनाच्या रजेने शेकडो लोक खोळंबायचे. पण एक सोय होती. नावात ‘पांडुरंग’चा ‘पांडूरंग’ झाला असेल तर बँकेतला ओळखीचा माणूस हाताने दुरुस्त करून घ्यायचा. आता संगणकाला ओळखपाळख नाही. माहिती जुळली तर पैसे जातात, नाही जुळली तर जात नाहीत. म्हणून डीबीटीनंतर "सगळ्यांचे वेळेवर आले पण माझे बंद झाले" अशा तक्रारी वाढलेल्या दिसतात. पद्धत वाईट आहे असं मला वाटत नाही. पण जुळवाजुळव करण्याचा भार कार्यालयाकडून लाभार्थ्याच्या डोक्यावर आला, आणि ज्याला जिना उतरणं अवघड आहे त्याच्यावर तो सगळ्यांत जास्त आला, हे खरं आहे.

"बँकेत आधार तर दिलंय, मग?"

सगळ्यांत जास्त पैसे इथेच अडकतात, म्हणून जरा सावकाश.

बँकेत आधार देण्याचे दोन अर्थ आहेत. एक, ओळखपत्र म्हणून झेरॉक्स देणं. हे झालं केवायसी. दुसरं, "माझे सरकारी पैसे याच बँकेत पाठवा" अशी संमती देणं. याला सीडिंग म्हणतात. केवायसी झालं म्हणजे सीडिंग झालं असं नाही. दोन्हींसाठी तोच आधार क्रमांक दिल्यामुळे काउंटरवर "तुमचं आधार लिंक आहे" असं उत्तर मिळतं आणि माणूस निर्धास्त घरी जातो.

सीडिंगची नोंद एनपीसीआयच्या एका मोठ्या तक्त्यात असते. त्या तक्त्यात तुमचा खाते क्रमांक नसतो. एका आधारसमोर फक्त एका बँकेचं नाव असतं. शेवटची संमती ज्या बँकेला दिली, तिचं. पैसे त्या बँकेत जातात आणि मग ती बँक ठरवते कुठल्या खात्यात टाकायचे. यातून तीन गोष्टी निघतात.

अर्जात तुम्ही कुठलाही खाते क्रमांक लिहिला असला तरी आधारवरून येणारे पैसे तक्त्यातल्या बँकेतच जातील. तुम्ही मध्यंतरी मोबाइलच्या दुकानात, पोस्टात किंवा कुठल्या पेमेंट बँकेत अंगठा देऊन खातं उघडलं असेल आणि तिथे संमतीची खूण झाली असेल, तर पैसे तिकडे वळतात. हे कल्पनेतलं नाही. २०१७ मध्ये एअरटेल पेमेंट्स बँकेत ग्राहकांना नीट कल्पना न देता उघडलेल्या खात्यांत गॅसची सबसिडी जाऊ लागली होती, आणि त्या वर्षी डिसेंबरमध्ये आधार प्राधिकरणाने कंपनीचा ई-केवायसीचा परवाना तात्पुरता थांबवला. आणि तिसरं, एकाच बँकेत तुमची दोन खाती असतील, समजा एक जनधन आणि एक जुनं बचत, तर शाखेत जाऊन कोणत्या खात्यात पैसे हवेत ते लेखी सांगावं लागतं.

तपासायचं कसं? ‘माझं आधार’ या संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि ओटीपी टाकून आत गेलं की ‘बँक सीडिंग स्टेटस’ दिसतं: बँकेचं नाव, नोंद चालू आहे की बंद, आणि शेवटचा बदल कधी झाला. साध्या फोनवरून *९९*९९*१# लावूनही विचारता येतं. ओटीपी येत नसेल तर आधारला जोडलेला मोबाइल जुना आहे असं समजा. आधी आधार केंद्रात जाऊन तो बदलून घ्या, कारण पुढची सगळी दारं त्याच किल्लीने उघडतात. आधारची हेल्पलाइन १९४७.

नोंद चुकीच्या बँकेची निघाली, तर ज्या बँकेत पैसे हवेत तिथे जा आणि आधार सीडिंगचा संमती फॉर्म भरा. त्यात ‘दुसऱ्या बँकेतून या बँकेत’ हा पर्याय निवडा. जुन्या बँकेत जाऊन आधी काही रद्द करावं लागत नाही, नवी संमती जुनीवर बसते. फॉर्मची पोच शिक्क्यासह घ्या आणि आठवड्याभराने पुन्हा तपासा. एक सावधगिरी: ही नोंद बदलली की आधारवरून येणारे बाकीचे सरकारी पैसेही त्याच बँकेत जाऊ लागतात. घरात गोंधळ नको असेल तर सगळ्यांना आधीच सांगून ठेवा.

बँकांच्या विलीनीकरणाची धास्ती मात्र सोडा. देना बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात गेली, सिंडिकेट २०२० मध्ये कॅनरात. आयएफएससी कोड बदलले आणि बऱ्याच जणांची झोप उडाली. आधारवरून येणाऱ्या पैशांना आयएफएससी लागतच नाही.

खातं चालू आहे, पण गोठलेलं आहे

पैसे योग्य बँकेत पोहोचले आणि खात्यानेच घेतले नाहीत, असंही होतं. २०१४-१५ मध्ये उघडलेल्या जनधन खात्यांना दहा वर्षं झाली. दहा वर्षांनी केवायसी नव्याने द्यावं लागतं, म्हणून २०२५ मध्ये बँकांनी त्यासाठी मोहीमही चालवली. ज्यांनी कागद दिले नाहीत त्यांच्या खात्यांवर निर्बंध येऊ शकतात.

दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं ‘निष्क्रिय’ धरलं जातं. पण सरकारी लाभासाठी उघडलेल्या शून्य शिलकीच्या खात्यांना हा नियम लावू नये, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. निष्क्रिय खातं पुन्हा चालू करण्यासाठी शुल्क घेता येत नाही आणि त्यात किमान शिल्लक नाही म्हणून दंडही लावता येत नाही. शाखेत कोणी पैसे मागितले तर "रिझर्व्ह बँकेचा नियम दाखवा" एवढं शांतपणे म्हणावं. बहुधा तेवढं पुरतं. लेखी तक्रार देऊन ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्यासाठी वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८.

एसएमएस आला नाही म्हणजे पैसे आले नाहीत, असं नाही. पासबुक भरून घ्या. नोंदीत ‘एपीबी’ किंवा ‘डीबीटी’ अशी अक्षरं दिसली की ते आधारवरून आलेले पैसे.

अडीच हजार जाहीर झाले, माझे दीड हजारच का?

कारण वाढ फक्त दिव्यांगांना आहे. संजय गांधी योजनेत विधवा, परित्यक्ता, दुर्धर आजारी असे इतरही गट आहेत आणि त्यांचे १५०० च राहिले. तुमचं दिव्यांगत्व कितीही असो, पोर्टलवर तुमची नोंद ‘दिव्यांग’ या गटात नसेल तर संगणक १५०० च पाठवणार. अनेक दिव्यांग स्त्रिया पूर्वी विधवा म्हणून मंजूर झाल्या आहेत. त्यांनी हे नक्की तपासावं.

गट सिद्ध करायला यूडीआयडी, म्हणजे वैश्विक दिव्यांग ओळखपत्र लागतं. पूर्वीचं हाताने लिहिलेलं प्रमाणपत्र जपून ठेवा, पण आता तेवढ्यावर भागत नाही. कार्डाचा रंग टक्केवारी सांगतो: ४० च्या खाली पांढरा, ४० ते ८० पिवळा, ८० आणि वर निळा. कार्ड नसेल तर स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून रुग्णालयात तपासणीला जावं लागतं. मुंबईत जे. जे., केईएम, सायन, नायर अशा रुग्णालयांत ही सोय आहे. कार्डावर वैधतेची तारीख आहे का, तेही पाहा. काही प्रमाणपत्रं तात्पुरती असतात. मुदत संपली की अनुदान अडू शकतं, म्हणून तीन-चार महिने आधीच नव्या तपासणीची वेळ घ्या. कार्ड हातात आलं की त्याची प्रत तहसीलदार कार्यालयात देऊन पोच घ्या. ही प्रत द्यायचं राहून गेलं म्हणून वाढीला मुकलेले लोक थोडे नसावेत.

इथे कायद्याची एक गोष्ट सांगायला हवी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चं कलम २४ म्हणतं, की सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांना मिळणारी मदत इतरांना तशाच योजनेत मिळणाऱ्या मदतीपेक्षा किमान २५ टक्के जास्त असली पाहिजे. कायदा एप्रिल २०१७ पासून लागू आहे. तरी सप्टेंबर २०२५ पर्यंत संजय गांधी योजनेत दिव्यांगांना आणि इतरांना सारखेच १५०० मिळत होते. म्हणजे या वाढीत उपकाराचा भाग कमी आणि थकलेल्या कर्तव्याचा भाग जास्त आहे. पैसे महिन्याच्या अमुक तारखेला द्या, असं मात्र या कायद्यात कुठे लिहिलेलं नाही.

मग सरकार तारीख ठरवत का नाही?

तांत्रिक अडचण फारशी नाही. पगार वेळेवर होतो, कारण वेतनाचा खर्च अटळ मानला जातो आणि त्याची तरतूद आधी बाजूला ठेवली जाते. अनुदानाचा निधी मागणी, मंजुरी, वितरण या चक्रातून जातो. वर्षाच्या सुरुवातीची तरतूद लाभार्थी वाढल्याने किंवा रक्कम वाढल्याने कमी पडली, की पुरवणी मागण्यांची वाट पाहावी लागते, आणि त्या विधिमंडळाच्या अधिवेशनात मंजूर होतात. ३१ मार्चला वर्ष संपतं, न वापरलेला निधी परत जातो, नव्या वर्षाचा निधी प्रणालीवर दिसायला एप्रिल उजाडून जातो. म्हणून मार्च आणि एप्रिलचं अनुदान मेच्या आसपास एकत्र आलं तर नवल वाटू देऊ नका, आणि घरभाडं, औषधं यांची सोय त्या हिशेबाने करून ठेवा. तारीख ठरवता येते. अनुदानाला वेतनाइतकं अटळ मानलं, तर.

हयातीचा दाखला

लाभार्थी जिवंत आहे याची खात्री वर्षातून एकदा करून द्यावी लागते. दाखला वेळेत पोहोचला नाही तर नाव यादीत राहतं, पण पैसे थांबतात. घराबाहेर पडता येत नसेल तर कार्यालयाला तसं लेखी कळवा आणि घरी येऊन खात्री करण्याची विनंती करा. चेहरा दाखवून आधारवर पडताळणी करण्याची पद्धतही आता सुरू झाली आहे. तिला अंगठा उमटत नाही ही अडचण येत नाही.

लाडकी बहीण आणि हे, दोन्ही चालतं का?

नाही. दुसऱ्या सरकारी आर्थिक योजनेतून महिना १५०० किंवा जास्त मिळत असतील, तर ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’चा लाभ घेता येत नाही. दिव्यांग स्त्रीला अर्थातच २५०० ची योजना फायद्याची. दोन्हीकडे अर्ज भरलेला असेल तर पडताळणीत नाव पकडलं जातं आणि ते निस्तरेपर्यंत दोन्हीकडचे पैसे अडकू शकतात.

मुलगा अठरा वर्षांचा झाला आणि खातं अडलं

बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलांच्या पालकांना हे ठाऊक हवं. मूल अज्ञान असेपर्यंत आई किंवा वडील पालक म्हणून खातं चालवतात. अठराव्या वाढदिवसानंतर बँकेच्या लेखी ते मूल सज्ञान असतं आणि पालकाची सही चालत नाही. मुलाला स्वतः व्यवहार करता येत नसेल तर राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली पालकत्वाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ते जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती देते. त्याला वेळ लागतो, म्हणून सतरावं संपत आलं की चौकशी सुरू करा. अनुदान मुलाच्याच आधारवर येतं, आईच्या नाही. तेव्हा सीडिंगही मुलाच्या आधारचं, मुलाच्या नावावरच्या खात्याला हवं. वयाच्या पाचव्या आणि पंधराव्या वर्षी आधारचे ठसे नव्याने द्यायचे असतात. तेही राहून गेलं असेल तर आत्ताच उरकून टाका.

तीन महिने झाले, एक पैसा नाही

आता कामाला लागा, पण क्रमाने. पासबुक भरून पाहा. मग सीडिंग पाहा. मग विशेष सहाय्याच्या एसएएस पोर्टलवर लाभार्थी म्हणून तुमची स्थिती काय दिसते ते पाहा. स्वतःला जमत नसेल तर आपले सरकार सेवा केंद्रात बघून मिळतं. त्यानंतर आजूबाजूच्या दोन लाभार्थ्यांना विचारा. शक्यतो एक तुमच्याच सामाजिक प्रवर्गातला आणि एक वेगळ्या प्रवर्गातला, म्हणजे लेखाशीर्षाचा घोळ असेल तर लगेच कळेल. कोणाचेच आले नसतील तर अडथळा वर आहे, तुम्ही हेलपाटे घालून तो सुटणार नाही. फक्त तुमचेच अडले असतील तर कागद गोळा करा: आधार, पासबुकाचं पहिलं आणि शेवटचं पान, यूडीआयडी, मंजुरीचं पत्र, सीडिंगची छापील प्रत.

कुठल्या कार्यालयात जायचं हे मुंबईत सोपं नाही. इथे दोन जिल्हे आहेत. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत मुंबई शहर, त्याचं जिल्हाधिकारी कार्यालय फोर्टमध्ये जुन्या जकात घरात. त्यापुढे मुंबई उपनगर, त्याचं वांद्रे पूर्वेला. उपनगरात अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला असे तीन तालुके. चेंबूर, गोवंडी, मानखुर्द, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप सगळं कुर्ला तालुक्यात, पण कुर्ल्याचं तहसीलदार कार्यालय आहे मुलुंडला. व्हीलचेअर घेऊन कुर्ला स्टेशनला उतरलेल्या माणसाला हे तिथे गेल्यावर कळू नये, म्हणून इथे लिहिलं.

अर्ज अर्ध्या पानाचा पुरे. कोणत्या महिन्यापासूनचे पैसे आले नाहीत ते महिन्यांच्या नावांसह लिहा आणि थकबाकीही मागा. खात्याच्या दोषामुळे परत गेलेली रक्कम दोष दूर झाल्यावर आपोआप येईल असं धरून चालू नका. उत्तर नाही आलं तर ‘आपले सरकार’ पोर्टलवर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. तरीही शांतता असेल तर माहितीचा अधिकार: शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखाली असाल तर तेही माफ, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात हा अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत हवा. "पैसे का दिले नाहीत?" असं विचारू नका, त्याला गोलगोल उत्तर मिळतं. "अमुक महिन्याचं माझं अनुदान कोणत्या तारखेला पाठवलं, परत आलं असल्यास कोणत्या कारणाने आणि कोणत्या तारखेला, त्या नोंदीची प्रत द्यावी" असं विचारा.

"पाचशे द्या, पुढच्या आठवड्यात पाडून देतो" असं सांगणारे कार्यालयाबाहेर भेटतातच. निधी सुटलेला नसेल तर त्यांच्या हातात काही नसतं. निधी सुटलेला असेल तर तुमचे पैसे त्यांच्यावाचूनही येणार असतात. ते आले की श्रेय त्यांचं.

पैसे आले, काढायचे कसे?

सत्तरीवरच्या आणि दिव्यांग ग्राहकांना रोख रक्कम घरी आणून देण्याची सोय करावी, असं रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्येच बँकांना सांगितलं आहे. शाखेत लेखी मागणी करा. बँक मित्राकडे, म्हणजे शाखेबाहेर बँकेचं काम करणाऱ्या प्रतिनिधीकडे, अंगठा देऊन पैसे काढत असाल तर प्रत्येक अंगठ्यामागे छापील पावती मागा. "सर्व्हर डाऊन आहे, पुन्हा लावा" म्हणून दोनदा अंगठा घेतला आणि पैसे एकदाच दिले, ही फसवणूक जुनी आहे. शंका आली तर त्याच दिवशी पासबुक भरा.

घर बदललं, वय वाढलं

झोपडपट्टी पुनर्वसनात किंवा संक्रमण शिबिरात घर हललं आणि तालुका बदलला, तर अनुदानाचं प्रकरण नव्या तहसीलदाराकडे वर्ग करून घ्यावं लागतं. नुसता आधारवरचा पत्ता बदलून ते होत नाही. जुन्या कार्यालयाच्या यादीत नाव राहिलं तर हयातीची नोटीस जुन्या पत्त्यावर जाते, तुम्हाला कळत नाही आणि पैसे थांबतात.

६५ वर्षं पूर्ण झाली की संजय गांधी योजनेतलं नाव श्रावणबाळ योजनेत जातं. वाढीव २५०० रुपये तिथल्या दिव्यांगांनाही आहेत. पण नाव वर्ग होताना ‘दिव्यांग’ ही नोंद सोबत गेली की नाही, ते तहसील कार्यालयात विचारून घ्या. ती मागे राहिली तर तुम्ही यादीत फक्त वृद्ध म्हणून दिसाल आणि पुढच्या महिन्यापासून १५०० च येतील.